उजव्या गालावरचा तीळ

डॉक्टर: हसू आलं नाही का, काकू?

बायको: त्या बिचाऱ्याला लागलं असेल हो. केवढी उंच शिडी.

डॉक्टर: तो नट आहे. खाली गादी असते.

बायको: गादी दाखवली नाही ना पण त्यांनी.

नवरा: अगं, शिडी सोड. त्याच्या डोक्यावर रंगाचा डबा उपडा होतो, ते बघायचं असतं. गंमत त्यात आहे.

बायको: ते कपडे आता कोण धुणार, एवढंच आलं माझ्या मनात.

डॉक्टर: बरं. मोजायला चेहऱ्यावर चिकटवलेल्या ठिपक्यांना हात लावू नका, काकू, खाज आली तरी. एक निघाला की सगळी मोजणी परत. मी दुसरी फिल्म लावते. कुत्रा आरशातल्या कुत्र्याशी भांडतो, ती.

नवरा: ती मागच्या खेपेला झाली.

डॉक्टर: मग मांजराची?

नवरा: मांजरही झालं. डॉक्टर, राग मानू नका, पण फिल्म चालू असताना तुम्हीसुद्धा हसत नाही.

डॉक्टर: काका, हा शिडीवाला माणूस मी रोज बघते. खुर्चीतला पेशंट बदलतो, हा मात्र तिथूनच पडतो. आता मलाही त्याची काळजी वाटायला लागली आहे.

बायको: बघा. आणि मला म्हणतात, तू मनावर घेत नाहीस.

नवरा: मी असं कधी म्हणालो?

बायको: आत्ता जिन्यात.

नवरा: जिन्यात मी म्हणालो, मोकळी होऊन बस. त्याचा अर्थ तू हा काढलास.

बायको: डॉक्टर, मी हसून दाखवते ना. म्हणाल तेव्हा. मागच्या दाढा आवळल्या की झालं. हे बघा.

डॉक्टर: ते छानच जमतं तुम्हाला. पण ते उजव्या गालाचं. मला डावा हवाय.

नवरा: सकाळ-संध्याकाळ सराव घेतो मी तिचा. चाव, धर, सोड. चाव, धर, सोड. आता झोपेतसुद्धा म्हणतो म्हणे.

बायको: म्हणे कशाला? म्हणताच. परवा सोड म्हणालात आणि माझं पांघरूण ओढलंत.

डॉक्टर: काकू, मी सगळं परत एकदा सांगू का? कंटाळा येणार नसेल तर.

बायको: सांगा. फिल्मपेक्षा बरं.

डॉक्टर: तुमची कानामागची गाठ काढताना उजवीकडची, चेहरा हलवणारी नस कापावी लागली. ती गेली, तिच्याबरोबर उजवा गाल गेला. मग मोठ्या सरांनी तुमच्या मांडीतला थोडा स्नायू काढून गालात बसवला. त्याला चालवायला कोणीतरी पाहिजे, म्हणून चावण्याच्या नसेची एक फांदी जोडून दिली. म्हणून दाढा आवळल्या की गाल वर जातो.

बायको: आणि जेवताना न सांगता जातो.

डॉक्टर: जातो.

बायको: म्हणजे जेवताना मी हसते, आणि हसायचं असेल तेव्हा चावावं लागतं. आमच्या शेजारचे आजोबा गेले, तर भेटायला गेलो होतो. त्यांच्या सुनेनं चहा आणि बिस्किट पुढं केलं. नाही कसं म्हणायचं? तोंडात टाकलं. समोर ती डोळे पुसतेय आणि मी हसतेय. तेही अर्ध्या तोंडानं.

नवरा: तिला मी नंतर नीट समजावलं.

बायको: तुम्ही समजावलंत, तिनं ऐकून घेतलं. अजून जिन्यात भेटली की भिंतीकडे बघत उतरते. तेव्हापासून मी चारचौघांत घास घेत नाही, डॉक्टर. पाणी तेवढं पिते.

डॉक्टर: म्हणूनच तर ही ट्रायल आहे. तुमची डावी बाजू चांगली आहे. आतून हसू आलं की डावीकडे निरोप आपोआप जातो, तिथं दाढा आवळायला लागत नाहीत. त्या डाव्या नसेची एक बारीक फांदी घ्यायची, पायातल्या नसेचा तुकडा जोडून ती वरच्या ओठाच्या आतून पलीकडे न्यायची. शेजारच्या खोलीतून वायर ओढून दिवा लावावा तसं.

नवरा: हे पूर्वीपासून करतात ना पण? मोठे सर म्हणाले होते.

डॉक्टर: वायर जुनीच आहे. नवीन आहे ते औषध. नस फार सावकाश वाढते, काका. केसांपेक्षा जरा भरभर, एवढंच. पलीकडे पोचेपर्यंत तिचे कितीतरी तंतू वाटेतच दम सोडतात. आम्ही वाटेतल्या पेशींना एक निरोप देतो. अगदी छोटा, एका रेणूत मावेल एवढा. की बायांनो, नसेला वाढायला जे खत लागतं ते थोडे आठवडे जास्त तयार करा. काम झालं की निरोप विरघळून जातो, मागे काही राहत नाही. उंदरांमध्ये जमलंय. सशांमध्ये जमलंय.

बायको: ससे हसतात?

डॉक्टर: मिशा हलवतात. त्या मोजता येतात.

बायको: आणि माणसांत?

डॉक्टर: तेच बघायचंय. आणि निम्म्या लोकांना औषधाऐवजी नुसतं मिठाचं पाणी मिळणार आहे. कोणाला काय मिळालं ते मलाही कळणार नाही. हे मी आधीही सांगितलंय.

बायको: मला सांगितलंय. यांना सांगा. हे सगळ्या गल्लीला सांगून बसलेत, की हिला नवीन औषध मिळणार.

नवरा: माणसानं आशा ठेवायची का नाही?

बायको: ठेवा की. गल्लीत कशाला ठेवता?

डॉक्टर: अडचण अशी आहे, काकू, की डावीकडून फांदी घ्यायची तर आधी डाव्या बाजूत जोर किती आहे ते दिसायला पाहिजे. आणि ते सांगून हसलेलं चालत नाही. आपोआप आलेलं लागतं, कॅमेऱ्यासमोर. मागच्या दोन बैठकांत तुमचा डावा गाल जागचा हलला नाही. सुईची तपासणी केली, नस ठणठणीत आहे. आणि तरी हलत नाही. मला कारण सापडत नाही.

नवरा: आज नाही हलला तर?

डॉक्टर: तर काकूंना यात घेता येणार नाही. आजची शेवटची बैठक. माझ्या हातात असतं तर अजून थांबले असते.

बायको: नका घेऊ मग. चला, हे ठिपके काढा, बरेच चिकटवलेत.

नवरा: असं काय करतेस? इतकं सगळं केलं, आता दारातून परत जायचं?

बायको: तुम्ही केलंत?

नवरा: तू केलंस. मी बरोबर आलो.

डॉक्टर: काका, तुम्ही फोटोग्राफर ना? लोकांना हसवायचा तुमचा रोजचाच धंदा. तुम्हीच काहीतरी करून बघा.

नवरा: दुकानात काय असतं, लहान मुलं रडत येतात. मी कॅमेऱ्यामागून कोंबड्याचा आवाज काढतो. मोठ्या माणसांना म्हणायचं, डाव्या खांद्याकडं बघा, आता साहेबांची रजा मंजूर झाली असं समजा. की हसतात. पासपोर्टवाल्यांचं बरं असतं, त्यांना हसायचंच नसतं.

बायको: कोंबडा नको. बाहेर लोक बसलेत.

नवरा: नाही काढत. डॉक्टर, पूर्वी हिला हसवायला काही करावंच लागायचं नाही. मी नुसती छत्री शोधायला लागलो की ही हसून हसून खाली बसायची.

बायको: छत्री हातात असायची यांच्या.

डॉक्टर: मग आता?

नवरा: आता मी छत्री शोधायला लागलो की ही म्हणते, हातात आहे.

डॉक्टर: हं. कॅमेरा चालू राहू दे, जरा दम घेऊ. तोवर एक राहिलेलं विचारून घेते. काकू, तुमच्या डाव्या ओठाच्या कोपऱ्यापाशी तीळ आहे, तो मला मोजायला फार सोयीचा पडतो. तिथं ठिपकासुद्धा लावला नाही मी. पण काकांनी तुमचा आजारपणाच्या आधीचा जो फोटो दिला, त्यात उजवीकडेही अगदी तसाच तीळ आहे. आता तो दिसत नाही. ऑपरेशनमध्ये काढला का?

बायको: कोणता फोटो?

नवरा: अगं, तो... त्यांना आधीचा पाहिजे होता. म्हणून दिला.

डॉक्टर: ऑपरेशनच्या कागदांत तिळाचा उल्लेख नाही, म्हणून विचारते.

नवरा: नाही, ऑपरेशनमध्ये नाही. तो असाच गेला.

डॉक्टर: असाच म्हणजे?

नवरा: आपोआप. एक दिवस बघितलं तर नव्हता.

डॉक्टर: काका, तीळ असा आपोआप जात नाही. आणि गाठीच्या पेशंटमध्ये गेला असेल तर ती साधी गोष्ट नाही. मला काकूंना आजच त्वचेच्या विभागात दाखवायला लागेल. कदाचित तिथला तुकडा काढून तपासायला पाठवतील.

नवरा: नाही हो, तुकडा कशाला? गेला म्हणजे अगदीच गेला असं नाही.

डॉक्टर: मग आहे?

नवरा: आहे असंही नाही.

बायको: सांगा की आता. का मी माझ्या गालाचा आणखी एक तुकडा काढून देऊ? मांडीचा दिलाय, पायातल्या नसेचा देणारच आहे.

नवरा: तू गप्प बस जरा.

बायको: डॉक्टर, तो तीळ मला जन्मापासूनचा नाही. तो मला यांनी दिलाय.

डॉक्टर: मला कळलं नाही.

बायको: तो फोटो आजारपणाच्या आधीचा नाहीच. गाठ काढली, गाल पडला, त्यानंतरचा आहे. मुलीनं नवीन घर घेतलं तेव्हा सगळ्यांना उभं करून यांनी काढला. मी तोंड जरासं फिरवून उभी होते. तर यांनी संगणकावर माझा डावा अर्धा चेहरा उचलला, उलटा केला, आणि उजवीकडं चिकटवला. तिळासकट.

डॉक्टर: अरे देवा.

बायको: का? काय झालं?

डॉक्टर: मी त्यावरून सगळं मोजलं, काकू. डावं-उजवं तंतोतंत जुळलं. मला वाटलं माझी मोजपट्टी बिघडली, म्हणून परत मोजलं. मग तो मीटिंगमध्ये सगळ्यांना दाखवला. मोठे सर म्हणाले, निसर्गाची कमाल आहे.

नवरा: माझ्याकडं दुसरा नव्हता हो. आधीचे सगळे हिनं कपाटात घातले आणि किल्ली कुठं ठेवली ते सांगत नाही. आणि जगाचे फोटो काढण्यात घरच्यांचे असे किती असणार? हा दुकानात होता, तो दिला.

बायको: दुकानात नुसता होता? काचेत टांगलाय, डॉक्टर. रस्त्यावरून दिसेल असा मोठा करून. माझी सख्खी बहीण त्या काचेसमोर उभी राहून मला विचारते, ही कोण गं, थोडी तुझ्यासारखी दिसते.

नवरा: हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

बायको: काय सांगायचं? तुम्ही टांगलेली बाई माझ्यापेक्षा बरी आहे असं? रोज संध्याकाळी डबा घेऊन मी त्या दुकानात यायचे. काचेत ती, दारात मी. लोक तिच्याकडं बघून आत येतात, आत आले की माझ्याकडं बघून विचारात पडतात. एक दिवस घरी गेले आणि ठरवून टाकलं. यांना दोन्ही बाजू सारख्या हव्यात ना? उजवी तर माझ्या हातात नाही. मग डावीही बंद.

डॉक्टर: बंद म्हणजे? तुम्ही मुद्दाम हसायच्या थांबलात?

बायको: आधी मुद्दाम. हसू आलं की आतून गाल चावून धरायचे. टीव्हीसमोर, फोनवर मुलीशी बोलताना, कुठंही. मग तेवढंही करावं लागेना. आता तुम्ही म्हणता हसा, आणि मी शोधायला जाते तर सापडत नाही. कुठं ठेवलंय तेच आठवत नाही. तुम्हाला काय वाटतं, मला ही ट्रायल नकोय? तुमच्या त्या शिडीवाल्याला बघून मी मनातल्या मनात हात जोडत होते, की बाबा, एवढ्या वेळी तरी मला हसव.

(कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू आहे.)

नवरा: मला वाटलं तू खूश होशील.

बायको: हं.

नवरा: खरंच वाटलं. गिऱ्हाइकांना परत पाठवून बसलो होतो त्याच्यावर. म्हटलं, मोठ्या सरांनी केलं तेवढं केलं, आता राहिलेलं मी करतो. माझ्या हातात जे आहे ते.

बायको: आणि तिळाचं दिसलं नाही तुम्हाला? जगाच्या पुटकुळ्या पुसता.

नवरा: दिसलं ना. चिकटवल्या चिकटवल्या दिसलं. म्हटलं, त्यात काय, एक पुसून टाकू. पुसला. असा साफ पुसला की विचारू नकोस. चहा पिऊन आलो, लांबून बघतो तर काहीतरी चुकतंय. फोटो छान, पण तू वाटेचनास.

बायको: का?

नवरा: खरा पुसला होता. डावीकडचा.

बायको: आणि खोटा ठेवलात?

नवरा: खोटा ठेवला. मग म्हटलं, हा इकडचा उचलून तिकडं ठेवू. ठेवला, तर मोठा झाला.

बायको: केवढा?

नवरा: मुंगळ्याएवढा.

बायको: अहो.

नवरा: मग लहान केला. तर इतका लहान की मला वाटलं पडद्यावर धूळ आहे. मी फडक्यानं पुसत बसलो. निघेना. मग परत मोठा केला, परत नीट जागेवर बसवला. तोवर कंबर मोडली माझी. आणि आता उजवीकडचा पुसायचा, तर मला खात्रीच वाटेना की उजवी कोणती. फोटोतली तुझी उजवी ती माझी डावी, त्यात मी ते उलटं केलेलं. म्हटलं, परत खरा पुसला तर? म्हटलं, राहू देत दोन्ही. एक जास्त झाला तर चालेल, कमी पडायला नको.

बायको: कमी पडायला नको? तीळ काय भात आहे का हो, पाहुणे आले तर असावा म्हणून?

डॉक्टर: काकू.

बायको: कमी पडायला नको म्हणे...

डॉक्टर: काकू, थांबू नका. आवरू नका, येऊ दे. काका, तुम्ही बोलत राहा.

नवरा: काय बोलू?

डॉक्टर: काहीही. तिळाचंच बोला.

नवरा: मधे... मधे एक नाकावर पण आला होता. कुठून आला मला अजून कळलेलं नाही. आणि तेवढ्यात एक पासपोर्टवाले गृहस्थ फोटो काढायला आत आले, पडद्याकडं बघून म्हणाले, वहिनींना गोवर आलाय का?

बायको: बास. बास हो. माझं पोट दुखतंय.

डॉक्टर: डोळे पुसू नका, काकू, ठिपके आहेत. वाहू दे पाणी. आलंय. सगळं आलंय कॅमेऱ्यात.

नवरा: पुरेल का?

डॉक्टर: पुरेल? काका, एवढं वर गेलेलं मी या खुर्चीत क्वचितच बघितलंय. सावकाश श्वास घ्या, काकू. पाणी हवंय?

बायको: नको. पाणी नाकातून येईल.

डॉक्टर: थांबा, दोघांनाही दाखवते. हे बघा. इथून सुरू झालं, हा कोपरा बघा, कसा वर चाललाय.

नवरा: हो.

बायको: वाकडं आहे.

नवरा: वाकडं आहे.

बायको: उजवीकडं तर काहीच नाही. कोणाच्या गावी नाही तिकडं.

नवरा: परत दाखवता का, डॉक्टर? एकदाच.

डॉक्टर: हो, दाखवते. तर मग काकू, तुम्ही ट्रायलमध्ये आलात. पुढचं सांगते, आज नाही सांगितलं तर माझं मलाच बरं वाटणार नाही. ही जी फांदी आम्ही घेणार, ती या डाव्या बाजूची. ऑपरेशनमध्ये वीज लावून बघतो, एकच काम करणाऱ्या दोन-तीन असतात, त्यातली एक घेतो. तरी हे डावीकडचं हसू थोडं कमी होऊ शकतं.

नवरा: हे? हे आत्ता आलं ते?

डॉक्टर: बहुतेकांना कळतसुद्धा नाही. काहींना कळतं.

नवरा: मग नको.

बायको: काय नको?

नवरा: नकोच. डॉक्टर, आम्ही निघतो. तुमचे फार उपकार झाले.

बायको: अहो, तुम्हीच मला ओढत आणलंत ना इथं? गल्लीला सांगून?

नवरा: तेव्हा हे कुठं होतं? आज इतक्या वर्षांनी दिसलंय मला, आणि लगेच त्यातलंच कापून द्यायचं? ते पण कशासाठी, तर पलीकडं कदाचित मिठाचं पाणी. परत टाके, परत सुजलेलं तोंड, परत नळीनं सूप. थकलोय गं मी. सकाळी तू आरशासमोर बसतेस, मी चाव, धर, सोड म्हणतो. पण बघत नाही मी तुझ्याकडं. आकडे मोजतो नुसते. कालच्याइतकंच असलं तर काय करायचं, या भीतीनं बघत नाही.

बायको: माहीत आहे मला.

नवरा: माहीत आहे?

बायको: आरशात दिसता की तुम्ही. पंख्याकडं बघून मोजता.

नवरा: मग झालं तर. जे आहे ते राहू दे. मला हे वाकडं पुरतं.

बायको: तुम्हाला पुरतं, कारण तुम्ही बघणारे. हसणारी मी आहे. आत्ता हसले ना, तेव्हा आतून कसं वाटलं सांगू? अर्धं घर जेवायला बसलंय आणि अर्ध्याला कोणी हाकच मारली नाही, तसं. मला एकदा सगळ्यांना बोलवायचंय. दाढा न आवळता, न मोजता. मी पण थकलेय. तुमच्यापेक्षा जास्त थकलेय, कारण तुम्ही मोजता आणि मी चावते. थकलेय म्हणून तर म्हणते, हे एवढं करून बघू. नाहीतर जन्मभर आहेच चाव, धर, सोड.

नवरा: आणि पाणी निघालं तर?

बायको: तर पाणी. डॉक्टर, पाण्यावर नस वाढतच नाही का?

डॉक्टर: वाढते. तिच्या चालीनं. पोचतेही पुष्कळदा. औषधानं जास्त पोचेल असं आम्हाला वाटतं, एवढंच. आणि एक, काकू. बिस्किटाचं मी वचन देत नाही. चावण्याची नस जोडलेली आहे ती तशीच राहणार. जेवताना गाल थोडा हलेल.

बायको: बिस्किट नाही खाणार. चहा पिईन फक्त.

डॉक्टर: मग काका?

नवरा: मला काय विचारता? तिचा गाल आहे.

बायको: तसं नाही. नीट म्हणा.

नवरा: घ्या फांदी. पण बारीक बघून घ्या. तिथं तुमचं नीट लक्ष असू द्या. मधे चहा प्यायला जाऊ नका, एवढं माझ्या अनुभवावरून सांगतो.

डॉक्टर: नाही जाणार. ठिपके काढते आता, जरा ओढल्यासारखं वाटेल. तो फोटो मात्र मला काढून टाकायला लागेल, आणि मोठ्या सरांनाही सांगायला लागेल.

बायको: काय सांगाल?

डॉक्टर: की निसर्गाचा त्यात काही संबंध नव्हता.

नवरा: माझं नाव सांगू नका.

डॉक्टर: त्याच्या जागी आजच्या चित्रणातलं एक चित्र ठेवते, नव्या ऑपरेशनच्या आधीचं म्हणून. काका, तुम्ही निवडता का? तुमची नजर बसलेली आहे.

नवरा: मागं घ्या. अजून. अजून थोडं. माझ्या गोष्टीत ते पासपोर्टवाले गृहस्थ यायच्या आधी. हं, इथं थांबवा.

डॉक्टर: यात मान वळली आहे, काकूंची. आणि डावा डोळा मिटलाय, उजवा उघडाच आहे. मोजायला हे उपयोगाचं नाही.

नवरा: मोजायला तुम्हाला पाहिजे ते घ्या. हे मला द्या.

बायको: कशाला?

नवरा: काचेत लावतो. ते आधीचं उतरवतो आज.

बायको: हात लावायचा नाही त्याला.

नवरा: नाही लावत.

बायको: डोळा पण उघडायचा नाही.

नवरा: नाही गं.

बायको: आणि तीळ बघून घ्या आधी.

नवरा: बघितला. एकच आहे.